भाऊंची मोजपट्टी

मिरा-भाईंदरच्या भाऊंची ओळख करून देण्याची गरज नाही. ते एक नाहीतच. प्रत्येक पक्षात, प्रत्येक प्रभागात ते सापडतात आणि पक्ष बदलला तरी त्यांच्यात काडीचा बदल होत नाही. हल्ली त्यांच्या हाती मोजपट्टी आली आहे. दुकानासमोर उभं राहायचं, एका कार्यकर्त्याला शिडीवर चढवायचं, दुसऱ्याला मोबाइल धरायला सांगायचं आणि पाटीवरच्या मराठी अक्षरांची उंची मोजायची. मोजपट्टीला कायद्याचा आधार आहे, हे आधीच मान्य करून टाकू. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षरं आधी हवीत आणि ती इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. दारूच्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव द्यायचं नाही, हेही त्यात आलं. न्यायालयात गेलेल्या व्यापाऱ्यांनाही सप्टेंबर २०२३ मध्ये सांगण्यात आलं, की दोन महिन्यांत पाट्या बदला. तेव्हा पाटी मराठीत असलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. वाद एवढाच आहे, की ही मोजपट्टी नेहमी दुसऱ्याच्याच दारात का उघडते?

ती भाऊंच्या दारात उघडून बघू. सुरुवात वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून. त्यावर भाऊंचं नाव पुरुषभर उंच, शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि फ्लेक्समागे झाकलेल्या दिशादर्शक फलकावरची मराठी अक्षरं शून्य सेंटिमीटर, कारण ती दिसतच नाहीत. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा १९९५ चा आहे, म्हणजे पाटीच्या दुरुस्तीपेक्षा सत्तावीस वर्षांनी थोरला. पण थोरल्यांचा मान राखायचा म्हणून भाऊ त्याला हात लावत नाहीत. पुढे निवडणुकीची पत्रकं. एका सोसायटीत गुजराती, दुसऱ्या वस्तीत हिंदी, आणि मराठी पत्रक मराठी मतदारांपुरतं. इथे अक्षरं कुणी मोजायची? पत्रक म्हणजे आस्थापना नव्हे, असा कायदेशीर मुद्दा भाऊ मांडू शकतील. पण मग भाऊ स्वतः काय आहेत? ती तर चोवीस तास उघडी आस्थापना. तिच्या पाटीवर मराठी, गल्ल्यावर मिळेल ती भाषा, आणि साप्ताहिक सुटी फक्त निकालानंतर पाच वर्षं. मोजपट्टी आणखी थोडी ओढली तर ती भाऊंच्या नातवाच्या शाळेपर्यंत पोचते. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे आणि ते देवनागरीत, नियमाच्या उंचीत लिहिलेलं आहे. २०२० च्या कायद्याने तिथेही मराठी विषय सक्तीचा आहे. भाऊंची तक्रार एकच, की त्या विषयामुळे नातवाची टक्केवारी घसरते.

याला ढोंग म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. यामागे धंद्याचं शुद्ध गणित आहे. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या पुढे गेली. वीस वर्षांत चौपटीहून जास्त वाढलेल्या शहरात पाणी, लोकल, दवाखाना, मैदान यातली कुठलीही गोष्ट पुरवायची तर वर्षं जातात आणि श्रेय भलताच घेतो. पाटी मात्र एका दुपारी बदलते आणि तिचा व्हिडिओ निघतो. शिवाय भाषेच्या कामात यश आलं तर कारकीर्द संपते. मराठी सुरक्षित झाली, तर भाऊंनी कुणापासून तिचं रक्षण करायचं? म्हणून ती सदैव संकटात हवी, पण मरायला नको. पहिला गुन्हा नोंदला गेला की पदवी, दुसऱ्यावर पद, तिसऱ्यावर तिकीट. इकडे याच शहराच्या चौक, पाली, उत्तन, डोंगरी या गावांत कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्पिढ्या आपल्या वळणाची मराठी बोलत आली आहेत. वसईच्या मोहिमेत धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले ते याच टापूत. भाऊ तिथे फिरकत नाहीत, कारण मासळीच्या टोपलीवर पाटी नसते. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. त्या दुर्गंधीबद्दल आणि धुराबद्दलच्या तक्रारी अस्सल मराठीत असतात. त्यातल्या एकाही अक्षराची उंची आजवर कुणी मोजलेली नाही! मराठी माणसाच्या नाकात धूर गेला तर अस्मितेला ठसका लागत नाही. समोरचा हिंदीत बोलला तरच लागतो.

यावर आक्षेप येतो, की आंदोलनं झाली नसती तर पाट्या तरी मराठीत आल्या असत्या का? कदाचित नसत्या. दबावाशिवाय कायदा हलत नाही, हे खरं. पण पाटी ही सुरुवात होती. भाऊंनी तिथेच मुक्काम ठोकला. २०२५ मध्ये मामला पाटीवरून जिभेवर आला. मराठी बोलला नाही म्हणून दुकानदाराला थप्पड, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग मराठी भाषकांचा मोर्चा. थपडेने फार तर ‘चुकलो’ हा एक शब्द शिकता येतो. सकाळी शटर उघडून रात्री ओढणाऱ्या माणसाला मराठी यायलाच हवी, हे मान्य. पण ती त्याने कुठे, किती वाजता, कुणाकडून शिकायची? तेवढ्या मोर्चांच्या खर्चात प्रत्येक स्टेशनाबाहेर रात्रीचा मराठीचा वर्ग चालला असता. तसा वर्ग काढायची कल्पना भाऊंना सुचत नाही, कारण वर्गात फळ्यासमोर शिकवणारा उभा राहतो, भाऊ नाही.

भाषा अशीच, धाकानेच वाढते, असं म्हणणाऱ्यांनी फिनलंडकडे बघावं. तिथे शिकलेल्यांची आणि कचेरीची भाषा स्वीडिश होती, फिनिश ही शेतकऱ्यांची. १८५८ मध्ये युवॅस्कुला गावात फिनिश माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली. १८६३ च्या फर्मानाने फिनिशला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीने आणायचं ठरलं. १९०६ मध्ये हजारो लोकांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. म्हणजे पाटी बदलली खरी, पण स्वतःच्या दारावरची! स्वातंत्र्यानंतर दोन्ही राष्ट्रीय भाषा ठरल्या आणि फिनिशचं काही बिघडलं नाही. शाळेतल्या सक्तीच्या स्वीडिशविरुद्ध बोलून मतं मागणारे भाऊ तिथेही आहेत, ही प्रजाती थंडीतही तग धरते. पण त्यांच्या जन्माआधीच शाळेने काम उरकलं होतं. आपल्याकडे मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, भाऊंनी अभिनंदनाचे फ्लेक्स लावले आणि मराठी माध्यमाच्या शाळेत यंदा पहिलीला किती मुलं आली, हे विचारायला कुणी शिडी लावली नाही.

म्हणून एक साधी मागणी. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण विचारतात. तिथे आणखी दोन रकाने घाला. भाषेच्या नावावर मत मागणाऱ्याची मुलं-नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतात, आणि त्याने मराठी शिकवण्याचे किती वर्ग चालवले. भाऊ म्हणतील, मुलांची शाळा हा घरचा खाजगी प्रश्न आहे, त्यात लोकांनी नाक खुपसू नये. बरोबर. मग काउंटरवरच्या पोराची जीभ ही काय सार्वजनिक मालमत्ता आहे?