महाराजांना शंका विचारण्याची रीत (बुलढाणा जिल्ह्यापुरती)

शंका विचारण्याआधी ती कोठे विचारायची हे ठरवावे लागते. घाटाखालच्या माणसाला शेगाव सोयीचे. तिथले गजानन महाराज ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले असल्यामुळे ते बोलणे मध्येच तोडत नाहीत, आणि 'तुमचंच चुकलं' असेही म्हणत नाहीत. रांगेत मनातल्या मनात सांगत पुढे सरकावे. समाधीपुढे मागच्याचा धक्का बसेपर्यंत जेवढे सांगून होते तेवढेच खरे. मजकूर मोठा असल्यास दासगणूंच्या २१ अध्यायांच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे पारायण करावे.

प्रश्न विचारणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची नोंदही याच ग्रंथात आहे. ती आधी पाहून घेतलेली बरी. ब्रह्मगिरी गोसावी आत्म्याला शस्त्र तोडत नाही, अग्नी जाळत नाही, या गीतेतल्या श्लोकावर निरूपण करत होता. तेवढ्यात महाराज बसले होते त्या पलंगाने पेट घेतला, आणि महाराजांनी गोसाव्याला शेजारी येऊन बसायला सांगितले. निरूपण तिथेच आटोपले. म्हणून पाठांतराच्या जोरावर शंका काढणाऱ्याने पलंगापासून अंतर राखावे. श्रीधर गोविंद काळे या तरुणाची अडचण वेगळी होती. तो इंटर नापास झालेला, परदेशी जाण्याची ओढ, आणि गाठीला पैसा नाही. महाराजांनी त्याला कोठेही जाऊ नकोस असे सांगितले. ग्रंथाप्रमाणे तो इथेच शिकला आणि मोठ्या पदावर पोहोचला. हा अध्याय पासपोर्ट काढण्यापूर्वी वाचू नये.

देहधारी महाराज, म्हणजे कीर्तनकार, गाठायचे तर हरिनाम सप्ताहाचे दिवस उत्तम. कीर्तन साधारण रात्री अकराला आटोपते, मग महाराज यजमानांच्या ओसरीवर टेकतात. दुपारी जाऊ नये. जेवणानंतरच्या वामकुक्षीत अध्यात्माला वाव नसतो. थेटही जाऊ नये. आधी महाराजांच्या जवळचा माणूस शोधावा. तो चपला कोठे काढायच्या येथपासून सर्व सांगतो आणि महाराजांच्या वतीने निम्मी उत्तरेही देतो. या पदाचा इतिहास मात्र त्याच्यापुढे काढू नये. शेगावी विठोबा घाटोळ नावाचा सेवेकरी असाच रुबाब करत असे. घाईत असलेल्या भक्तांसाठी त्याने झोपलेल्या महाराजांना उठवले आणि काठीचा मार खाऊन पळ काढला, असे ग्रंथ सांगतो.

खरे कसब ओसरीवर लागते. तिथे विणेकरी असतो, मृदंगवाला असतो, सरपंच असतो, आणि ज्याच्याशी धुऱ्याचा वाद आहे तो शेजारी तर हमखास असतो. अशा सभेत मनातले जसेच्या तसे बोलणे म्हणजे ते गावच्या पारावर लिहून ठेवणे. म्हणून देवावरचा विश्वास उडाला असेल तर 'महाराज, नामात मन लागत नाही' एवढेच म्हणावे. सोयाबीन मातीमोल गेले आणि सोसायटीचे कर्ज थकले, याला 'दिवस बरे नाहीत' हा शब्दप्रयोग रूढ आहे. मुलगा बोलेनासा झाला असेल तर 'पोराले नोकरी कधी लागन?' हा प्रश्न चालतो. देव आहे की नाही, ही शंका नेहमी मित्राच्या नावावर टाकावी. हा मित्र महाराजांना जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात भेटलेला असतो, त्यामुळे ते त्याची चौकशी करत नाहीत. अशा प्रश्नाला 'नाम सोडू नका' हे उत्तर मिळते. ते चुकीचे नसते. विचारलेल्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर असते. देवालाच रोखठोक विचारणारे चोखोबा याच जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे मानले जातात, पण त्यांना देवळाच्या दारातच अडवले होते. ओसरीची अडचण त्यांना नव्हती.

घाटावरचा हिवरा आश्रम या रीतीला अपवाद. तिथल्या शुकदास महाराजांकडे गाऱ्हाणे घेऊन गेलेला माणूस औषध घेऊन परतायचा. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे लाखोंची पंगत बसते, आणि पुरी व वांग्याच्या भाजीपुढे बऱ्याच शंका आपोआप मागे पडतात.

एक गोष्ट मात्र या रीतीत बसवू नये. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनाने आजारी माणसांना घेऊन कुटुंबे दुरून येतात, त्यांत कित्येकांनी डॉक्टर पाहिलेलाच नसतो. झोप उडाली, जीव नकोसा झाला, कानात आवाज येऊ लागले, तर ती शंका नव्हे. नवस बोलायचा तो बोलावा, पण डॉक्टरही गाठावा. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ दिवसरात्र आणि फुकट चालतो. तिथे मराठीत बोलता येते, आणि ऐकायला शेजारी बसलेला नसतो.