बाटलीच्या पाठीवरच्या इशाऱ्यास

प्रति,
रा. रा. वैधानिक इशारा,
मु. बाटलीची मागची बाजू, खालचा कोपरा,
पत्रादेवी नाक्याजवळ, ता. पेडणे, गोवा.

स. न. वि. वि.

आपण १ एप्रिल २०१९ रोजी कामावर रुजू झालात. तारीख पाहून लोक हसले, मी हसलो नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आपल्याला मजकूर नेमून दिला, तोही किती सभ्य: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, जपून राहा, पिऊन गाडी चालवू नका. उंचीही नेमून दिली. मोठ्या बाटलीवर अक्षर किमान तीन मिलिमीटर, म्हणजे उकड्या तांदळाचा अर्धा दाणा. किमान म्हटलं की आपल्याकडे तेवढंच मिळतं, हे आपल्याला एव्हाना कळलं असेल.

ह्या पत्राचं कारण एवढंच की आपण मन लहान करून घेऊ नये. अक्षर आहे तेवढं पुरे.

आपल्या शेजारणीकडे बघून आपल्याला वाईट वाटत असणार. त्याच लेबलावरची ती दुसरी ओळ, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’. तिचा थाट काय वर्णावा! तिला वाचायला सरकारने पगारी माणसं ठेवली आहेत. पत्रादेवी ओलांडून बांद्याच्या पुढे गेलं की इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका. डिचोलीकडून निघालात तर दोडामार्गाची वाट, तिथेही डोळे लावून बसलेले असतातच. टेम्पो बाजूला घेतात, ताडपत्री सोडतात, हौद्याखालचा चोरकप्पा उचकटतात, खोके उतरवून बॅटरीच्या उजेडात लेबल वाचतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘गोवा बनावटीच्या दारूसह लाखोंचा मुद्देमाल जप्त’, आणि खोक्यांच्या मागे ओळीने उभे राहिलेले अधिकारी. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने दारूवरचं शुल्क वाढवायचं ठरवलं, तेव्हापासून बाईंचा भाव आणखीच वधारला आहे. तुम्ही दोघं राहता बोटभर अंतरावर. पण आपल्यासाठी आजवर कुणी टेम्पो थांबवला आहे का? बरोबरच आहे. दारू गोव्याबाहेर गेली तर शुल्क बुडतं. पोटात गेली तर शुल्क आधीच जमा झालेलं असतं.

सिगारेटवरच्या चुलतभावाचं उदाहरण तर देऊच नका. २०१६ पासून तो पाकिटाची ८५ टक्के जागा अडवून बसला आहे, सडक्या घशाच्या फोटोसकट. पण पाकीट जातं खिशात. बाटली काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी असते. मोपाच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा तिच्या सोबत फोटो काढतो. त्या फोटोत यकृत कुठे घालणार?

मद्य हे १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. आपल्या मजकुरात ‘कर्करोग’ हा शब्द नाही, हे एका अर्थी सुसंस्कृतपणाचं लक्षण. आयर्लंडने बाटलीवर तो छापायचा नियम २०२३ मध्ये केला आणि मग अंमलबजावणी २०२८ वर ढकलली. घाई कुणालाच नाही.

काही जण म्हणतात, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटची पाकिटं एकसारखी मातकट केली तशा बाटल्याही साध्या करा. ह्यांना पेडणे-डिचोली दाखवायला हवी. इथे ते कधीच झालं आहे. मार्च लागला, काजूची बोंडं तुडवून झाली, रस आंबला, भट्टी पेटली की हुर्राक उतरतं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून घरोघर पोचतं. नाव नाही, चित्र नाही, रंग नाही. इतकं साधं वेष्टन की त्यावर आपणही नाही. तेच पुन्हा भट्टीवर चढलं की फेणी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये ती राज्याचं वारसा पेय झाली. आता वारशालाच हानिकारक म्हणायचं म्हणजे बापजाद्यांना नावं ठेवण्यासारखं.

शिवाय ज्यांच्यासाठी आपण आहात ते आपल्याला भेटतातच कुठे? सकाळी बारचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरणारा गडी उभ्या उभ्या ग्लास रिकामा करतो, मीठ चाटतो आणि कामाला लागतो. ग्लास त्याच्या हातात, बाटली मालकाच्या मागे फळीवर, आणि आपण बाटलीच्याही मागे, भिंतीकडे तोंड करून.

राज्याला वाटलं तर आपल्याला स्थानिक भाषेत छापता येतं, अशी नियमातच सोय आहे. कृपा करून तिकडे जाऊ नका. देवनागरी कोकणीत छापलं तर रोमी लिपीवाले उठतील, कोकणीत छापलं म्हणून आम्ही मराठीवाले उठू, १९८७ चा राजभाषा कायदा पुन्हा चव्हाट्यावर येईल, आणि ह्या सगळ्या बैठकांनंतर मंडळी बसतील कुठे हे मी सांगायला नको. इंग्रजीच बरी. सकाळच्या त्या गड्याला ती वाचता येत नाही, म्हणून कुणाची तक्रार नाही.

एक मात्र खटकतं. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड म्हणवणारे भक्त व्रताच्या दिवसांत दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, आणि देवीने कुठे काही छापलेलं नाही. हे अन्नसुरक्षावाल्यांच्या कानावर घालू नका, उगाच समिती नेमतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चष्मेवाला गिऱ्हाईक

ता. क. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मयेचे आमदार प्रेमेंद्र शेट यांनी विधानसभेत सुचवलं, की दारू गोव्यात बनवा, बाहेर पाठवा, पण इथे कुणी पिऊ नका. हे मान्य झालं तर आपल्याला काही धोका नाही, पण शेजारणीची नोकरी जाईल. तिच्या जागी नवी ओळ लागेल: ‘गोवा सोडून कुठेही विक्रीसाठी’. तिची अक्षरं किती मिलिमीटरची असावीत, ते आपणच अनुभवाने सुचवावं.