निकाल काहीही लागो, अन्याय आपल्यावरच! एल क्लासिकोच्या चाहत्यासाठी नियमावली

रेयाल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा फुटबॉल सामना, म्हणजेच एल क्लासिको, नव्वद मिनिटांत संपतो, हा नवशिक्या चाहत्याचा पहिला गैरसमज. खेळाडू अंघोळी उरकून घरी जातात, तिथून चाहत्याची खरी मेहनत सुरू होते. निकाल मनासारखा लागला तर श्रेय आणि विपरीत लागला तर खापर योग्य पत्त्यावर पोचवायचे असते, पंचाची कुंडली मांडायची असते आणि दुसऱ्या दिवशीच्या दैनिकात तोच सामना आपल्याला हवा तसा पुन्हा एकदा खेळून घ्यायचा असतो. स्पेनमध्ये ही विद्या पिढ्यान् पिढ्या घरातच शिकवली जाते. आपल्याकडे हा सामना अनेकदा रात्री साडेबारा किंवा दीडला सुरू होतो. पुण्या-मुंबईचा चाहता झोपमोड करून तो पाहतो आणि सकाळी ऑफिसात नुसता स्कोअर सांगून मोकळा होतो. ही अधोगती थांबावी म्हणून पुढील नियम. कोल्हापूरकरांनी ते वाचले नाहीत तरी चालेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल सामने पाहत जो वाढला, त्याला पेठेच्या इभ्रतीपुढे स्कोअर किती किरकोळ असतो हे कोणी सांगावे लागत नाही.

नियम १ : आधी दैनिक निवडावे, मग सामना पाहावा

स्पेनमध्ये केवळ खेळाला वाहिलेली चार मोठी दैनिके आहेत आणि ती दोन शहरांनी आपसात नीट वाटून घेतली आहेत. बार्सिलोनाचे ‘मुंदो देपोर्तिवो’ १९०६ सालचे, ‘स्पोर्ट’ १९७९चे. माद्रिदच्या बाजूला ‘मार्का’, जे १९३८ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत सान सेबास्तियन इथे जन्मले आणि पुढे राजधानीत आले. आणि १९६७पासून रोज निघणारे ‘आस’. चौघांपैकी कोणीही तटस्थतेचे सोंग फार वेळ आणत नाही, ही वाचकाची मोठीच सोय आहे. मथळा वाचून माणसाचा रक्तदाब वाढणार की उतरणार, हे स्टॉलवर पैसे देण्यापूर्वीच ठरलेले असते. प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची बातमी किती लहान चौकटीत बसवता येते, यात चौघांचाही हात सारखाच बसलेला आहे.

चाहत्याने आपल्या शहराचेच दैनिक घ्यावे. दुसरे चुकून हाती पडलेच, तर ते फक्त संतापण्यासाठी वाचावे. त्या कामी ते उत्तम असते. व्हॅलेन्सियाच्या चाहत्याला ‘सुपरदेपोर्ते’ नावाचे स्वतःचे दैनिक आहे. माद्रिद शहरातच राहणाऱ्या अ‍ॅटलेटिकोच्या चाहत्याने मात्र काय विकत घ्यावे, याबाबत ही नियमावली सहानुभूतीपलीकडे काही देऊ शकत नाही.

क्लब आणि कागद यांचे हे लग्न जुने आहे, हेही ध्यानात ठेवावे. विजयानंतर बार्सिलोनाचे चाहते रांब्ला रस्त्यावरच्या कानालेतेस कारंज्यापाशी जमतात. कारण असे, की १९३०च्या दशकात ‘ला रांब्ला’ या वृत्तपत्राची कचेरी तिथेच होती आणि दूरच्या सामन्यांचे निकाल ती बाहेर फळ्यावर लिहून लावी. त्या पत्राचे संस्थापक जुसेप सुन्योल १९३५ साली क्लबचे अध्यक्ष झाले आणि पुढल्याच वर्षी फ्रँकोच्या सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. कचेरी गेली, फळा गेला. चाहते अजून तिथेच जमतात.

नियम २ : आकड्यांशी वाद घालू नये, आकडाच बदलून घ्यावा

‘गोल’ या विषयात मतभेदाला जागा नसते, असे अजाण लोक समजतात. १८ सप्टेंबर २०१० रोजी रेयाल सोसिएदादविरुद्ध माद्रिदच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने फ्री किक मारली. चेंडू वाटेत सहकारी पेपेला लागून जाळ्यात गेला आणि पंचाने अहवालात गोल पेपेच्या नावावर लिहिला. हंगामाअखेर लीगच्या दप्तरी रोनाल्डोचे ४० गोल भरले. परंतु सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिला जाणारा ‘पिचिची’ पुरस्कार लीग देत नाही, ‘मार्का’ देते. ‘मार्का’ने तो गोल रोनाल्डोचाच मानला आणि त्याला ४१ गोलांचा पिचिची बहाल केला.

यातली गंमत अशी, की चाळीस गोलांनीही तो पहिलाच आला असता. दुसऱ्या क्रमांकावरचा बार्सिलोनाचा मेस्सी ३१वर होता. म्हणजे एकेचाळिसाव्या गोलाची गरज कोणालाच नव्हती. चाहत्याने यावरून बोध घ्यावा. पक्षपात हा गरजेपुरता करायचा नसतो, नित्यनेमाने करायचा असतो. म्हणजे प्रसंगी हात अवघडत नाही.

छायाचित्रांनाही हाच नियम लागू आहे. फेब्रुवारी २०११मध्ये बार्सिलोनाने अ‍ॅथलेटिक बिल्बाओला २-१ असे हरवले. बार्सिलोनाच्या एका गोलाच्या आधी दानी आल्वेस ऑफसाइड होता, हे दाखवणारे चित्र ‘आस’ने छापले. चित्रात आल्वेस खरोखरच सर्वांच्या पुढे, एकटा उभा होता. मैदानात मात्र त्याच्या पुढे बिल्बाओचा बचावपटू कोइकिली होता, आणि तो छापील चित्रातून नाहीसा झाला होता. दैनिकाने माफी मागितली आणि आलेख तयार करताना चूक झाल्याचे सांगितले. बचावपटूने माणूस सोडल्याची उदाहरणे फुटबॉलमध्ये रोज घडतात. आलेखाने बचावपटू सोडल्याचे हे विरळाच.

नियम ३ : पराभवाची कारणे सामन्याआधी तयार ठेवावीत

ऐनवेळी सबबी शोधणारा चाहता हौशी समजावा. २७ एप्रिल २०११ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात माद्रिद आपल्याच बर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनाकडून ०-२ असे हरले, पेपेला लाल कार्ड मिळाले, आणि प्रशिक्षक जुझे मोरिन्यो पत्रकारांपुढे येऊन बसले. त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : का? मग ओव्रेबो, द ब्लेकेरे, बुसाका, फ्रिस्क, श्टार्क अशी पंचांची नावे त्यांनी ओळीने घेतली. त्या पंचांचे काही सामने तर माद्रिदचे नव्हतेच. आधीच्या क्लबांत असतानाच्या तक्रारीही मोरिन्यो यांनी सोबत आणल्या होत्या. युरोपीय महासंघाने त्यांना दंड केला आणि त्यांच्यावर बंदी घातली. पण नोकरी बदलली तरी गाऱ्हाणी मागे सोडायची नसतात, हा धडा त्यांनी घालून दिला.

यादी पाठ होत नसेल तर ती एका शब्दात गोठवावी. ‘आस’चे तत्कालीन संपादक आल्फ्रेदो रेलान्यो यांनी ‘बियारातो’ हा शब्द रूढ केला. १९८८ ते २०१७ या काळात स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष असलेल्या आंखेल मारिया बियार यांच्या राज्यात पंच बार्सिलोनाकडे झुकतात, हा सगळा आरोप त्या चार अक्षरांत मावतो. पुरावा मागणाऱ्याला शब्दच पुन्हा ऐकवावा.

बार्सिलोनाच्या चाहत्याने हताश होऊ नये, त्याचा साठाही भरपूर आहे. १९४३च्या चषक स्पर्धेत पहिला सामना ३-० असा जिंकून बार्सिलोनाचा संघ माद्रिदला गेला आणि ११-१ असा हरून परतला. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये येऊन कोणी काय धमकी दिली, याची वर्णने दोन्ही शहरांत आजही जुळत नाहीत. १९७०मध्ये गुरुसेता नावाच्या पंचाने पेनल्टी क्षेत्राच्या चांगल्याच बाहेर झालेल्या फाउलवर माद्रिदला पेनल्टी दिली, तेव्हा बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावरच्या प्रेक्षकांनी बसायच्या गाद्या मैदानात भिरकावल्या. गुरुसेता हे नाव तिथे नंतर पंचगिरीच्या अख्ख्या रोगाचे नाव झाले.

नियम ४ : जिंकलो तरी रडणे थांबवू नये

हा नियम पाळायला सर्वांत कठीण. विजयानंतर माणूस गाफील होतो, उदार बोलू लागतो. त्यावर उपाय म्हणजे जुने जिन्नस अधूनमधून उन्हात घालावेत. १९५३ साली आल्फ्रेदो दि स्तेफानो या खेळाडूवर दोन्ही क्लबांनी हक्क सांगितला. बार्सिलोनाचा करार रिव्हर प्लेट या क्लबाशी, माद्रिदचा मियोनारियोस या क्लबाशी. महासंघाने तोडगा काढला, की त्याने एक हंगाम इकडे आणि एक तिकडे असे आळीपाळीने खेळावे. बार्सिलोनाने रागाने हक्क सोडला आणि दि स्तेफानोने माद्रिदला १९५६ ते १९६० असे सलग पाच युरोपीय चषक जिंकून दिले. हे सरकारी कारस्थान होते की बार्सिलोनाचा कारभारी गोंधळ, यावर सत्तरहून अधिक वर्षे जेवणे लांबतात.

शत्रूचा टोमणा पळवणे, ही याच नियमाची प्रगत अवस्था. माद्रिद अशाच मार्गाने जिंकते, अशा अर्थाची घोषणा १९७९ साली खिखोनच्या मैदानात पंचाविरुद्ध चिडलेल्या लोकांनी दिली. माद्रिदच्या चाहत्यांना ती इतकी आवडली, की पुढे ते विजयोत्सवात स्वतःच ती देऊ लागले.

नियम ५ : भाकीत छापू नये, छापलेच तर कात्रण जाळावे

मार्च २००९मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरच्या परतीच्या सामन्याआधी ‘मार्का’ने पहिल्या पानावर विचारले : हे अ‍ॅनफिल्ड आहे, मग काय झाले? त्या रात्री माद्रिद ०-४ असे हरले. काय झाले ते कळले.

नियम ६ : आणीबाणीत टाळ्यांना परवानगी

१९ नोव्हेंबर २००५ रोजी बर्नाबेऊवर रोनाल्डिन्होने दोन अप्रतिम गोल केले, बार्सिलोना ३-० जिंकले आणि माद्रिदच्या काही प्रेक्षकांनी उभे राहून प्रतिस्पर्ध्यासाठी टाळ्या वाजवल्या. असा झटका कोणालाही येऊ शकतो. चाहत्याने घाबरू नये. दुसऱ्या दिवशी आपले दैनिक वाचल्यावर तो आपोआप ओसरतो.

नियम ७ : यंत्र आले तरी खचू नये

व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, २०१८-१९च्या हंगामात ला लीगामध्ये आला, तेव्हा हा सारा धंदा बसणार अशी भीती होती. ती निराधार ठरली. २१ एप्रिल २०२४च्या क्लासिकोत बार्सिलोनाच्या लामिन यामालच्या पायाला लागून गेलेला चेंडू माद्रिदच्या गोलरक्षक लुनिनने ओढून काढला. तो रेषा ओलांडून गेला होता का, हे कोणत्याच कॅमेऱ्यातून ठरेना, कारण गोलरेषा तंत्रज्ञान घ्यायला लीगने महाग म्हणून नकार दिला होता. माद्रिद ३-२ जिंकले आणि बार्सिलोनाचे अध्यक्ष जुआन लापोर्ता सामना पुन्हा खेळवण्याची भाषा करू लागले. पूर्वी एका पंचावर संशय घेता येई. आता मैदानातला एक, पडद्यामागचा दुसरा आणि यंत्र न घेणारा तिसरा, अशी तिप्पट सोय झाली आहे.

त्याआधीच, २०२३च्या फेब्रुवारीत, एक वेगळीच गोष्ट बाहेर आली होती. पंच समितीचे माजी उपाध्यक्ष एन्रिकेज नेग्रेइरा यांच्या कंपन्यांना बार्सिलोनाने २००१ ते २०१८ या काळात ७० लाखांहून अधिक युरो दिले होते. पंचांविषयीच्या तांत्रिक अहवालांचे ते पैसे होते, असे क्लब म्हणतो, आणि प्रकरण न्यायालयात गेले. इथे विडंबनकाराची पंचाईत होते. वर्षानुवर्षे लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या दैनिकांच्या हाती खरीखुरी बिले आली, आणि तोवर अर्धा देश कानात बोळे घालून बसला होता. माद्रिदच्या दैनिकांनी यावर मजकुराचे डोंगर रचले. बार्सिलोनाच्या चाहत्याने ते वाचलेच नाहीत; नियम १ त्याने तंतोतंत पाळला होता.

नियम ८ : हा एकटाच सक्तीचा

सामन्याआधी त्या दिवसाच्या पंचाच्या जुन्या चुका जोडून चित्रफिती दाखवण्याचा उद्योग रेयाल माद्रिदची स्वतःची वाहिनी करते. एप्रिल २०२५मध्ये सेव्हिया इथे कोपा देल रे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. पंच होते रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएचेआ. आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांना रडू कोसळले. तुझा बाप चोर आहे, असे शाळेत त्यांच्या मुलाला ऐकवले जात होते. पंचांच्या त्या वक्तव्यावर चिडून माद्रिदने सामन्यापूर्वीच्या आपल्या पत्रकार परिषदेवर आणि सरावावर बहिष्कार टाकला. सामना मात्र झाला. बार्सिलोना जादा वेळेत ३-२ जिंकले, ज्यूल कूंदेने ११६व्या मिनिटाला निर्णायक गोल केला, आणि शेवटच्या क्षणी राखीव बाकावरून पंचाच्या दिशेने वस्तू फेकणाऱ्या आंटोनियो र्‍यूडिगरवर सहा सामन्यांची बंदी आली.

तेव्हा चाहत्याने पंचाला आंधळा म्हणावे, विकला गेलेला म्हणावे, त्याच्या शिट्टीपासून चपलेपर्यंत सर्व काढावे. त्याच्या पोराला मात्र यातून वगळावे. बाकीचे सातही नियम ज्याने-त्याने सोयीप्रमाणे मोडायला हरकत नाही.