भट्टीतला सह्याद्री

मातीकाका डोंगर बनवतात. भिंतीवर टांगायचे. खाली जुन्या सागाची फळी, वर भाजलेल्या मातीचे कडे, सुळके आणि पठारं. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेल्यामुळे कुठल्या भेगेला कुठली नदी म्हणायचं, हे त्यांना झोपेतही सुचतं.

आणि भेगा भरपूर पडतात. ओल्या मातीत फूटभर लांब असलेला डोंगर वाळून, भाजून निघेपर्यंत सवा-दीड इंचाने आक्रसतो. सगळीकडून सारखा आक्रसला तर ठीक, नाहीतर तडा. दुसरा कुणी कपाळावर हात मारेल. काका भट्टीचं झाकण उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "नीरा! भोरच्या खालची." ग्लेझला फोड आले की कासचं पठार. कडा वाकून बसला की ताम्हिणी, धुक्यातला. एकदा मधोमध दोन तुकडे झाले. आम्ही सांत्वनाला गेलो, तर तोवर चिठ्ठी लावून झाली होती : 'कोयना, १९६७'. धड निघालेला तुकडा मात्र त्यांना संशयास्पद वाटतो. त्याला नावच सुचत नाही. असे तुकडे वहिनी गरम पातेल्याखाली ठेवतात. त्यांचं लाटणं गेलं मातीच्या चकत्या लाटण्यात, त्याची ही भरपाई.

"सह्याद्री तरी काय रे?" काका विचारतात. उत्तर द्यायचं नसतं. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं फायरिंग! लाव्हा अकराशे-बाराशे डिग्रीला वाहतो, माझी भट्टीही तेवढीच तापते. थरावर थर दिलेत. त्याच्याकडे थर्मोकपल नव्हतं, एवढाच फरक." श्रावणात आम्ही त्यांना खरा घाट दाखवायला नेलं. हिरव्यागार कड्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "कॉपर जरा जास्त झालंय."

लाकडाचं प्रकरण वेगळं. पेठेत वाडा पडायला लागला की हळहळणारे पुष्कळ असतात. काकाही हळहळतात, पण टेम्पो बोलावून. तुळया, चौकटी, खांब, सगळं मोजून घेतात. खिळ्यांची भोकं बुजवू देत नाहीत. "लेणी आहेत ती. शिवनेरीच्या पोटात नाहीत का?"

इतकं असूनही माणूस कारागीर म्हणून पक्का. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, भाजलेली माती तसूभर हलत नाही. म्हणून काका दोन्हींना कधी एकजीव चिकटवत नाहीत. स्क्रूची भोकं लांबट ठेवतात, मध्ये हवेला जागा सोडतात. हे सांगताना मात्र ते विनोद करत नाहीत, नदीचं नावही घेत नाहीत.

त्यांचं सगळ्यात मोठं काम घेतलं एका बिल्डरने. सहा फुटांची सह्याद्रीची रांग, नव्या टॉवरच्या लॉबीत. ज्या तुळईवर ती रांग उभी आहे, ती त्याच जागेवरच्या वाड्याची. पाडला त्यानेच. तुळई काकांना भंगाराच्या भावाने विकली आणि डोंगरासकट परत घेतली, तेव्हा भाव विचारून दोनदा खाली बसला. उद्घाटनाच्या घाईत त्याच्या सुताराने मधल्या फटींत एपॉक्सी ओतून सगळं घट्ट करून टाकलं. मजबूत राहावं म्हणून.

जुलैत फोन आला.

"काका, डोंगराचा तुकडा पडला हो!"

"कुठला?"

"उजवीकडचा, वरचा."

"म्हणजे माळशेज. पावसाळा आहे शेठ, दरड कोसळणारच."

"अहो, पण खाली सगळा चुरा झालाय. झाडून घेऊ का?"

"हात लावू नका! आता ते इन्स्टॉलेशन झालं. भिंतीवरच्या कामाचा दर वेगळा, जमिनीवरच्या कामाचा वेगळा. बिल संध्याकाळी पाठवतो."