गाडेपंडित

लातुरात प्रत्येक गल्लीत एक मामा असतो. तो नेमका कुणाचा मामा, हे कुणी विचारत नाही. वय साठीच्या पुढं, पेन्शन चालू, गुडघे बंद. उभी हयात कारकुनीत गेलेली, हातात पाना कधी धरलेला नाही; पण वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून ‘आस दोन बोटं मागं घे’ म्हणायचा अधिकार त्याला जन्मतःच मिळालेला असतो. तुम्ही समोरून काहीही ढकलत या, मामा आधी चाकाकडं बघतो. मग जमलं तर तुमच्याकडं.

जमात जुनीच, पण तिला राजमान्यता मिळाली २०१६ साली. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि उभं शहर घागरी, कॅन, टिपाडं घेऊन रस्त्यावर आलं. भंगारात पडलेल्या लुनाच्या चाकांना नवऱ्यामुलाचा मान आला. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली ‘जलदूत’ पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. लोकांनी पाण्याचा हिशेब केला, मामांनी चाकांचा.

“एका वाघिणीला आठ. म्हणजे ऐंशी चाकं. मिरजेपासून आली, एक पंक्चर नाही! कामून? भरीव चाक!”

रेल्वे रुळावरून चालते, असं कुणीतरी पुटपुटलं. मामांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

तेव्हापासून मामा भरीव पंथाचे. त्यांच्या बाजूनं सर्वांत मोठा पुरावा म्हणजे वेडी बाभूळ. तिचा काटा ज्यानं टायरमधून उपसलाय, त्याला हवेच्या चाकाचं कौतुक सांगू नये. हवावाल्यांचंही म्हणणं खोटं नाही: भरीव चाक खडीवर दणके देतं, आणि नळापासून भरून निघालेली घागर दारात येईस्तोवर पाऊण होते. दोन्ही पंथांचे वाद पारावर रंगायचे. तेवढ्यात टँकर येऊन जायचा.

तोलाच्या बाबतीत मात्र मामांचा शब्द मानावाच लागतो. दोनशे लिटरचं टिपाड म्हणजे दोन क्विंटल वजन. “ते चाकाच्या डोक्यावर पाहिजे, तुझ्या मनगटावर नव्हं,” हे त्यांचं वाक्य मी वाट्टेल तिथं शपथेवर सांगायला तयार आहे. ओझं मागं गेलं की गाडा उलाळ होतो, दांडा वर उठतो आणि ओढणारा लोंबकळतो. पुढं गेलं की दहा पावलांत कंबर धरते. आणि टिपाड भरायचं तर काठोकाठ, झाकण घट्ट. अर्धवट भरलेलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडा आपल्याबरोबर घेऊन जातं. उथळ पाण्याच्या खळखळाटाबद्दल शाळेत शिकवतात. त्याचं वजन किती लागतं, ते मामा शिकवतात.

त्याच वर्षी पाऊस मनावर घेऊन पडला, मांजरात पाणी आलं आणि गाडे गॅसच्या टाक्या, दळणाचे डबे, गणपती वाहू लागले. मामा बेकार झाले असं वाटलं असेल तर तुम्ही या जमातीला ओळखत नाही.

परवा आमच्या गल्लीतले मामा नांदेडला बहिणीकडं गेले. भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, त्यानं कयाक आणली होती. पिवळीधमक, प्लॅस्टिकची, दहा फुटी, एका माणसानं वल्हवायची होडी. बहिणीला काळजी भाच्याच्या पोहण्याची. मामांचा प्रश्न एकच:

“वजन?”

“पंचवीस किलो, मामा.”

मामांचा चेहरा उतरला. पंचवीस किलोला गाडा मागायचा म्हणजे लग्नाच्या वयाच्या पोरीला कडेवर घेण्यासारखं. पण दहा फूट लांबी बघून त्यांना धीर आला. भाच्यानं मोबाइलवर तयार गाडा दाखवला: नळीची चौकट, घडी होणारी, चार हजार रुपये, चाकं बारीक.

“हे नदीच्या गाळात रुतणार. तिथं रुंद चाक पाहिजे, हवा थोडी कमी भरलेली. म्हणजे ते पसरतं, बुडत नाही.”

बोलून झाल्यावर मामा एकदम गप्प झाले. आयुष्यभराचा भरीव पंथ गोदावरीच्या एका काठावर सुटला होता. “काटे आहेत का तिथं?” त्यांनी हळूच विचारलं. भाचा म्हणाला, आहेत. त्या रात्री मामा जेवले नाहीत, असं बहीण सांगते. मला वाटतं एकच भाकरी खाल्ली असेल.

दुसऱ्या दिवशी इतवाऱ्यातून सामान आलं. स्कूटरची दोन जाड टायरं, लोखंडी पट्ट्या, होडीला ओरखडा नको म्हणून जुनी ट्यूब कापून केलेली गादी. पंक्चरवाल्यानं ट्यूबमध्ये काटा-बंद औषध भरलं. धर्मांतर केलं तरी जुने संस्कार असतात. भाचा शेपटाकडं गाडा लावत होता, मामांनी होडी मधोमध ठेवायला लावली, दोन पट्टे आवळले, आणि एका बोटानं नाक उचलून दाखवलं. खरंच एका बोटानं. गल्लीत टाळ्या पडल्या.

वरात नगीना घाटाकडं निघाली. होडी अशी सुरेख चालत होती की मामांनी वाटेत दोनदा मुद्दाम थांबवून पुन्हा चालवली. आणि मग घाट आला. घाटाला पायऱ्या असतात, हे लातूरच्या माणसाच्या हिशेबात कुठून यायचं? चौघांनी होडी उचलली. पाचव्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाडा. तो होडीपेक्षा जड होता.

भाचा पाण्यात गेला. बहीण देवाचं नाव घेत काठावर उभी. मामांची नदीकडं पाठ होती, कारण पंजाबातून गुरुद्वाऱ्याला आलेलं एक कुटुंब बॅग ओढत चाललं होतं आणि बॅगेचं एक चाक कुईकुई करत होतं.

“मामा, बघा तरी!” भाचा प्रवाहातून ओरडला.

“तू ये निवांत,” मामांनी बॅग आडवी करत मागं न वळताच सांगितलं. “इथं केस गुंतलाय आसात.”