महाराज, आपल्या मंजुरीत त्रुटी आढळल्या आहेत

प्रति,
श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे),
बडोदे संस्थान.

विषय : 1913 साली मंजूर केलेल्या शिष्यवृत्ती प्रकरणाची छाननी.

महाराज,

मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. अर्थशास्त्रात एम.ए. करतो. घरी कोरडवाहू कापूस आहे, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. तो परत येतो, मी पुन्हा भरतो. एवढ्या सरावानंतर आता दुसऱ्याच्या अर्जातल्या त्रुटी मला लांबूनही दिसतात. रांगेत वाचायला वेळ भरपूर असतो. तिथेच आपले एक जुने प्रकरण नजरेखालून गेले आणि धक्का बसला.

अर्जदार : भीमराव रामजी आंबेडकर, वय 22. विद्यापीठ : कोलंबिया, न्यूयॉर्क. रक्कम : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करारावर सही 4 जून 1913 ची, आणि जुलैत मुलगा न्यूयॉर्कला पोहोचलासुद्धा! महाराज, ही घाई कशासाठी? आमच्याकडे पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षी येतात. दुसऱ्या वर्षाचे येईपर्यंत पोरगा एकतर नोकरीला लागलेला असतो नाहीतर नांगराला.

कागद तपासायला घेतले, तर पहिल्याच पानावर अडलो. अर्जदाराचा जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, शाळा साताऱ्याची, कॉलेज मुंबईचे. पैसे मात्र बडोद्याचे! अधिवासाचा दाखला कुठल्या तहसीलदाराने दिला? साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नाव 'भिवा', कोलंबियात 'भीमराव'. आमच्या गावात आधारवर 'विठ्ठलराव' आणि पासबुकावर 'विठ्ठल' निघाले, तर तेवढ्या 'राव'साठी माणसाला वर्षभर हेलपाटे घालावे लागतात. बी.ए. 1912 ला आणि प्रवेश 1913 ला, तर मधल्या काळाचे गॅप प्रतिज्ञापत्र कुठे आहे? त्या महिन्यांत अर्जदार कुठे होता? आपल्याच नोकरीत होता म्हणता. ठीक आहे, पण तसे लिहून द्यावे लागते.

आणखी एक. राजर्षी शाहूंच्या नावाच्या आमच्या शुल्क योजनेत कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. आपला अर्जदार आईवडिलांचे चौदावे अपत्य. शाहू महाराजांनी पुढे स्वतः त्याला मदत केली, हे मला ठाऊक आहे. त्यांची फाईल वेगळी तपासतो.

आता मुख्य मुद्दा, उत्पन्नाचा दाखला. अर्जदाराचे वडील निवृत्त सुभेदार. ते 2 फेब्रुवारी 1913 ला वारले. म्हणजे मंजुरीच्या वेळी घरात कमावते कोण होते? दाखला कोणाच्या नावाचा घेतलात? की मुलाकडे नुसते पाहून ठरवलेत? तसे असेल तर आपण आमच्या संपूर्ण महसूल खात्याचा अपमान केला आहे.

कारण आमच्याकडे गरिबी मोजायची शास्त्रोक्त पद्धत आहे. हिंगणघाट म्हणजे कापसाचे गाव. इंग्रजांच्या काळात बाजारात या गावाच्या नावाने कापसाचा एक वाण ओळखला जात असे. कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो, भावाची वाट पाहत पडून राहतो आणि शेवटी सावकार दारात आला की विकला जातो. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा केली की हातात काय उरले ते बापालाही नीट सांगता येत नाही. तलाठ्याला मात्र येते. (2024 पासून त्यांना 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचे, दाखला तोच.) त्यांच्या अहवालातला आकडा कसा गोल, शून्यांनी भरलेला! 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. त्या वर्षी आमचे उत्पन्न शून्याच्या खाली गेले होते, पण शून्याखालचा दाखला कुणी देत नाही. कर्जाला अर्जात रकानाच नाही.

गरिबीची रेघही एकच नाही. अनुसूचित जातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. त्यापुढे फी माफ होते, पण भत्ता बंद. शाहूंच्या नावाच्या योजनेत हीच रेघ आठ लाखांवर आहे. एका बाकावर बसणारे दोघे, एकच पुस्तक वाटून घेणारे, आणि त्यांच्या गरिबीत साडेपाच लाखांचे अंतर! भत्ता म्हणाल, तर घरून ये-जा करणाऱ्या एम.ए.च्या मुलाला मॅट्रिकोत्तर योजनेत महिन्याला साडेपाचशेही पडत नाहीत. त्यात बसभाडे, झेरॉक्स आणि अर्जासोबतचे दाखले काढायचे. उरल्यास अर्थशास्त्र.

आपल्या अर्जदाराने साडेअकरा पौंडांचे काय केले, तेही पाहिले. पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवले आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पावत्या? उपयोगिता प्रमाणपत्र? 1915 साली एम.ए. झाल्याची नोंद तेवढी सापडते. तिच्यावर प्राचार्यांचा गोल शिक्का दिसत नाही.

थट्टा जरा बाजूला ठेवतो, महाराज. आपल्या फाईलमध्ये एक त्रुटी खरीच आहे. करारात दहा वर्षांच्या नोकरीची अट होती. ती पाळायला हा माणूस 1917 साली बडोद्यात आला, तेव्हा गावात त्याला कुणी खोली दिली नाही. पारशांच्या एका सरायीत नाव लपवून राहिला, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही हाकलले. कोलंबियात शिकवायला आपण पैसे दिलेत, पण आपल्याच राजधानीत त्याला छप्पर देऊ शकला नाहीत. म्हणून राजाच्या कृपेवर माझा भरवसा नाही. ज्यांच्यावर ती झाली नाही, त्या पोरांची नावे कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. मला योजनाच हवी, हक्काची, सर्वांसाठी. फक्त तिला आपल्या 4 जूनची घाई थोडी लागली असती, तर बिघडले नसते. आपण स्वतः कौळाण्याच्या शेतकऱ्याचे पोर. पेरणीचे दिवस टळले की काय होते, हे आपल्याला सातबारा न दाखवताही कळेल.

तूर्त आपले प्रकरण 'सेंड बॅक' करत आहे. वरील सर्व कागद स्वच्छ स्कॅन करून, प्रत्येक फाईल 256 केबीच्या आत बसवून, पुन्हा सादर करावेत. अंतिम तारीख या महिनाअखेर आहे. मुदतवाढ मिळेल, पण ती शेवटच्या रात्री जाहीर होते, आणि त्या रात्री केंद्रावरचा भाऊ म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे ना भाऊ, उद्या येजो."

आपला नम्र,
एक अर्जदार, हिंगणघाट

ता.क. : साडेअकरा पौंड बडोद्याच्या खजिन्यातून गेले होते, म्हणजे थेट लाभार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जमा झालेले नाहीत. रक्कम एकदा परत घेऊन योग्य मार्गाने पुन्हा वितरित करावी लागेल. ओटीपी आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवला आहे. तो दहा मिनिटांत टाकावा.