माहितीपटातील गाळलेला अध्याय

मायकेल जॅक्सनच्या लंडन येथील नियोजित कार्यक्रमांच्या तालमींवर रचलेला ‘धिस इज इट’ हा 2009 सालचा माहितीपट लातुरातील एखाद्या दिवाणखान्यात पाहावयास बसले असता त्या दिवंगत कलावंताचे पदलालित्य, त्याचा विनय आणि त्याच्याविषयी बोलताना सहनर्तकांच्या नेत्रांत दाटणारे अश्रू यांचे यथासांग दर्शन घडते. परंतु निजामी अमदानीपासून अर्ज, तारीख आणि तहकुबी यांवर पोसलेल्या आम्हा मराठवाड्याच्या रसिकांस ज्या अध्यायाची ओढ, तो मात्र त्यात नाही. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीत शिवउद्योग सेनेसाठी झालेल्या त्याच्या जलशास युती सरकारने करमणूक कर माफ केला, माफीचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि 2021 च्या जानेवारीत, म्हणजे नायक निवर्तून साडेअकरा वर्षे लोटल्यावर, मंत्रिमंडळाने ती पुनश्च मंजूर केली. (नायकाहून दीर्घायुषी पात्र चित्रकर्त्यास क्वचितच लाभते, येथे ते लाल फितीत बांधून तयार होते.) सातबाऱ्यावरील नावाच्या दुरुस्तीसाठी कचेरीत खेटे घालणारा नांदेडकडला शेतकरी, पुढे चालल्याचा भास निर्माण करून मागे सरकणारे ते जगप्रसिद्ध नृत्य पाहून मुळीच चकित होत नाही, त्याच्या अर्जाची चाल तीच आहे, फक्त तिला वाद्यमेळ नाही.